कौलांचा समुद्र आणि खरा समुद्र

आणि तरी दादाचं आपलं एकच: समुद्र बघायला एवढ्या लांब जाणारा माणूस वाया गेलेला. बार्शीत सायकलींची पंक्चरं काढत बसून त्याला काय कळणार? हौसेनं नव्हतो गेलो. जावं लागलं.

चंडीगडला सेक्टर सतरात एका फोटो स्टुडिओत मी पडदे रंगवतो. गिऱ्हाइकाच्या मागं ताजमहाल, बाग, नाहीतर समुद्र. समुद्र कॅलेंडरवरून काढलेला: पाण्यात घुसलेलं डोंगराचं टोक, वर दीपगृह. एकदा मालवणकडच्या एक बाई आल्या, नवरा मिलिटरीत. पडदा बघून म्हणाल्या, "अगोबाई! ह्या लाटा आहेत की कौलं?"

आमचे मालक सरदारजी. "बहनजी क्या बोलीं?"

सांगावं लागलं. सगळा स्टुडिओ हसला. तिरमिरीत बोलून गेलो, "असली समुंदर देख के आता हूँ जी. नया पर्दा न चले तो कपड़ा-रंग मेरी तनखा से काट लेना."

"पक्का?"

"पक्का."

गावच्या घरावर घालायच्या पत्र्यांचे पैसे त्याच पगारातून जायचे होते.

कॅलेंडरखाली विशाखापट्टणम लिहिलेलं, म्हणून तिकडंच. जाणाऱ्यांनी ऐका: दिल्लीपर्यंत बस, पुढं मद्रासकडची गाडी, विजयवाड्याला बदलायची. रिझर्वेशन नसेल तर दारापाशी स्वतःच्या ट्रंकेवर बसा. इडली स्वस्त, पोटभर. लाल चटणी मात्र जपून, माझ्या सोलापुरी जिभेलाही घाम फुटला.

बंदरातून होडीनं खाडी ओलांडली. थोडी चिल्लर लागते. पलीकडं चढण, सावली कमी, पाणी बरोबर ठेवा. टोकाला डॉल्फिनचं नाक म्हणतात. वर पोचलो आणि वारा असा आला की टोपी धरून खालीच बसलो.

लाटा ओळीनं येतात हे खोटं. खाली पाणी खडकावर चढायचं, जरा थांबायचं, मग कुणी आतून ओढल्यागत मागं जायचं. ती ओढ माझ्याच पायांखालून चालल्यागत वाटली. देखणं होतं, पण भीती वाटण्याएवढं देखणं. मी मागं सरकून कागदावर चौकटी आखल्या. छोटं चित्र मोठं करायला आम्ही तसंच करतो. टोक, खडक, बंदराचं तोंड, उभी जहाजं, सगळं काढत गेलो.

"क्या बना रहा है?"

मागं दोन पहारेकरी. नुकतीच लढाई झालेली. एकानं चौकटींवर बोट ठेवलं. "नक्शा?"

"पर्दा है साहब. फोटो खिंचवाने का."

"चंडीगढ़ से इधर पर्दा बनाने आया? उठ."

खोलीत बसवलं. कुणी पाठवलं, कुणाला देणार, परत तेच. मी इथं आहे हे दादालाही माहीत नव्हतं. आत टाकलं तर कुणाला पत्ता लागणार? ऊन उतरल्यावर एक अधिकारी आले. चौकटी कशाला, विचारलं. म्हटलं, "कागज का एक खाना, पर्दे का एक फुट." त्यांनी माझी नखं बघितली. आत जुना रंग होता.

"कागज यहीं रहेगा. तू भाग, आखिरी नाव जा रही है."

पळालो. होडीत बसल्यावर वर ते नाक काळं, आणि खाली तीच ओढ. दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो.

परत येऊन आठवणीनंच रंगवलं. बंदर नाही, जहाज नाही. फक्त खडक आणि मागं जाणारं पाणी.

पहिलं गिऱ्हाईक जवळच्याच खरड गावचं. झालरीच्या फ्रॉकातली छोटी मुलगी पडद्यापुढं उभी केली. तिनं मागं वळून बघितलं आणि आईची सलवार धरली. "मम्मी, मैं डिग जाणा!" पडेन म्हणाली. काही केल्या पुढं जाईना. शेवटी ताजमहालापुढं फोटो काढला.

मालक कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होते. "ओए, बनाया तो असली है. पर डरा हुआ ग्राहक पैसे देता है?"

कौलं पुन्हा भिंतीवर चढली. खरा समुद्र माझ्या खोलीत आहे. रात्री त्याच्याकडे पाय करून झोपवत नाही.

बोलल्याप्रमाणे पगार कापला. मनीऑर्डरीवर दादाला लिहिलं: दादा, पत्रे निम्मेच घे, उरलेल्या छपरावर यंदा पाचट टाक. चाळीस रुपये पाठवतोय.