आमचा अमेरिकन फुटबॉल आणि एका बाजूची झेरॉक्स

सगळी चूक देसले सरांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण जव्हारला एसटी स्टँडसमोर आमची जुनी टीम चहाला जमली की हा मुद्दा शेवटी निघतो आणि तोवर निम्मे उठून गेलेले असतात. किस्से मात्र दर वेळी वाढतात. जिमखान्याच्या कपाटातल्या बुटांसारखे. जोडी एकाचीही लागत नाही, पण टाकवत नाहीत!

देसले सर आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. युनिव्हर्सिटीने अमेरिकन फुटबॉल सुरू केला तेव्हा टीम द्यायला कॉलेजं मिळेनात. सरांनी डोकं लावलं. "कबड्डीला ढीगभर कॉलेजं. इथं चारच! उतरलो की डायरेक्ट सेमीफायनल!" खेळ काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. सेमीफायनल माहीत होती.

आम्ही का उतरलो? खेळाडूंची बुडालेली लेक्चरं सरांच्या एका सहीने हजेरीत भरून यायची. मी पोशेऱ्याचा. नागली कापायची, भात झोडायचं आणि कॉलेजही करायचं, तर ती सही लागायचीच. आमच्या पाड्यातून एवढं शिकत गेलेला मी पहिला. बाप म्हणायचा, "पळायलाच जातोस तर कॉलेज कशाला लागतं रं?"

*

चेंडू आला. लांबट, दोन्हीकडे टोकं. स्टोअरच्या भाऊसाहेबांनी तो टेबलावर सोडून बघितला, तो भलतीकडेच गेला. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, 'सदोष. परत करावा.' प्राचार्यांनी न बघता सही ठोकली. चेंडू परत!

दोन महिने आम्ही पोत्याचं गाठोडं काखेत मारून पळत होतो. मग दुसरा चेंडू आला. भाऊसाहेबांनी तोही टेबलावर सोडला आणि कपाळाला हात लावला. "दुकानदार सुधरत नाही!"

*

हेल्मेटं कुठून आणणार? सरांनी स्टाफच्या गाड्यांना लटकलेली उचलली. जव्हारात ती डोक्यावर घालतं कोण! प्रॅक्टिस झकास चालायची. पण सायन्सचं शेवटचं लेक्चर सुटलं की केमिस्ट्रीच्या मॅडम मैदानात यायच्या. "गुलाबी कुणाकडंय?"

तीनला आमची टीम लोखंडाची असायची. सव्वातीनला टक्कल!

*

पुढे मैदानात मांडव पडला आणि आम्ही कापणी झालेल्या खाचरांत गेलो. उतारावरची खाचरं, दर पंधरा पावलांवर बांध. चेंडू घेऊन पळायचं, बांध आला की पाय उचलायचा. तेच अंगात बसलं.

शहरातल्या सपाट ग्राउंडवर पहिली मॅच खेळलो. तिथं चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या. आमचे अकराच्या अकरा जण प्रत्येक रेषेवर पाय उचलून उडी मारत होते! समोरचा कोच बघतच राहिला. सरांना म्हणाला, "हे कुठलं फॉर्मेशन?"

सर म्हणाले, "सिक्रेट आहे."

*

आता झेरॉक्स. युनिव्हर्सिटीने नियमांचे सुटे कागद दिले होते, पाठपोट छापलेले. सर शिपायाला म्हणाले, "कागद वाचव, एकच बाजू मार." आमच्याकडे आले पान एक, तीन, पाच, सात.

लहानूने विचारलं, "सर, एकनंतर तीन कसं?"

"अमेरिकेत तसंच असतं!"

लहानू वांगणीचा. टीममधला सगळ्यात वेगवान आणि एकटाच प्रश्न विचारणारा. चेंडू पुढे फेकता येतो, हा नियम पाठीमागच्या बाजूला राहिला. सरांनी ठरवून टाकलं, "कागदात नाही म्हणजे फाऊल!"

त्या पहिल्या मॅचमध्ये समोरच्याने चेंडू पुढे फेकला. आम्ही अकरा जण हात वर करून उभे. "फाऊल! फाऊल!" ते धावत गेले आणि पॉइंट घेऊन आले. असं सहा वेळा!

*

तिसऱ्या वर्षी शहरातल्या एका पोराने पूर्ण नियम मोबाइलवर पाठवले. लहानपणापासून नागलीवरची पाखरं मी गोफणीने उडवलेली. हात तयारच होता. मी आणि लहानू खाचरात गुपचूप फेकायला लागलो. मी न बघता तिसऱ्या बांधापलीकडे टाकायचो. लहानू तिथं असायचाच.

सरांनी एकदा बघितलं. "किसन, ती गोफण घरी ठेव. दोन वर्षं मी चुकीचं शिकवलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो सर," लहानू म्हणाला.

स्पर्धा सरकत सरकत दिवाळीपलीकडे गेली. दिवाळी झाली की अर्धी वांगणी वीटभट्टीवर जाते. मी सरांना म्हटलं, "लहानूच्या बापाला आठ दिवस थांब म्हणून सांगा. आमचं नाय ऐकायचा, तुमचं ऐकेल."

"जातो रे."

मॅचच्या सकाळी गाडीत लहानू नाही. सर म्हणाले, "निरोप धाडलाय. परस्पर ग्राउंडवर येईल." सर वांगणीला गेलेच नव्हते. रस्ता खराब आहे म्हणे. तो रस्ता मी चालत जाऊ शकत होतो. मीसुद्धा गेलो नाही. सरांच्या शब्दावर बसून राहिलो, ते अजून खातं मला.

लहानूच्या जागी सरांनी राखीवांतला एक जण उभा केला, फक्त झेरॉक्सवर शिकलेला. शेवटचा डाव, आम्ही पाच पॉइंटने मागे. सर रेषेबाहेरून ओरडत होते, "पळ किसन! फेकू नकोस!"

मी फेकला. न बघता, तिसऱ्या रेषेपलीकडे. आयुष्यात इतका चांगला कधी फेकला नव्हता. समोरच्या कोचनेही टाळी वाजवली. चेंडू जिथं पडायचा तिथंच पडला. आमचा राखीव गडी दोन पावलांवर हात वर करून उभा होता.

"फाऊल, सर!"

त्या वर्षी सरांनी बाकी सगळ्यांच्या हजेरीच्या कागदावर सही केली. माझ्या कागदावर केली नाही. टी.वाय.च्या परीक्षेला मला बसू दिलं नाही.