लांब नळीचा श्वास

हवावाली मावशी आयुष्यात एकदाही पाण्यात उतरली नव्हती. गुडघाभरसुद्धा नाही. तिचा मुलगा तर अंगावर तांब्या ओततानाही डोळे घट्ट मिटून घेतो. "आमचं घराणंच कोरडं," मावशी सांगायची. "ओलावा आला तो सून आली तेव्हा."

सून पाणबुडी. नोकरीनं नव्हे, हौसेनं. पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचं, तासाभरानं वर यायचं आणि दोन दिवस खाली काय पाहिलं ते सांगत सुटायचं. शेजारपाजारच्या बायका मावशीला विचारत, "सूनबाईशी पटतं ना?" त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं असे, "छे हो, मी तर तिला पाण्यातच पाहते."

या कोरड्या बाईचा धंदा मात्र पाण्याखाली श्वास पुरवणाऱ्या यंत्रांचा. उताराच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी तिचं दहा बाय आठचं दुकान होतं. टेबलावर हिरवा रबरी गालिचा, त्यावर कप्प्याकप्प्यांचे ट्रे. काचेच्या बरण्यांत मापाप्रमाणे लावलेल्या रबरी रिंगा, कोपऱ्यात साखळीनं बांधलेला सिलिंडर, आणि खिडकीखाली स्टीलचा टब. टबाच्या आतल्या बाजूला शाळेतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी चिकटवलेली होती. ती मुलाची, चौथीतली. कडेला त्यानं पेनानं काढलेली आगगाडी अजून दिसत होती.

सुरुवातीला ती गॅसच्या शेगड्या आणि वेल्डिंगची यंत्रं दुरुस्त करायची. तीस वर्षांपूर्वी एक पाणबुड्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, हे उघडता येईल का?" मावशीनं उघडलं. आत काम ओळखीचंच होतं, जास्त दाबाची हवा कमी दाबाची करायची. सिलिंडरात मोटारीच्या चाकापेक्षा शंभरपट दाब. त्याच्या तोंडावर बसतो तो पहिला टप्पा, तो दाब एकदम खाली आणतो. तिथून नळी निघते ती दुसऱ्या टप्प्याकडे. तो माणसाच्या तोंडात असतो, म्हणून त्यालाच मुख म्हणायचं; ओढला की श्वास देतो, थांबला की थांबतो. हे सगळं मिळून रेग्युलेटर.

पण एक गोष्ट नवीन होती. आत एक पातळ पडदा होता आणि त्याची एक बाजू पाण्याला उघडी होती. पाणी जितक्या जोरानं दाबेल तितक्याच जोराची हवा पलीकडून मिळायची. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट. कोणाला सांगावं लागत नाही, कोणाला चावी फिरवावी लागत नाही. त्या दिवशी मावशीनं तो पडदा बोटावर घेऊन उजेडात धरला होता. भाकरीवरच्या पापुद्र्याएवढा जाड. "एवढ्याशा चकतीला कळतं, आपण किती खोल आहोत ते!" असं ती त्या पाणबुड्याला म्हणाली, आणि शेगड्या सुटल्या त्या सुटल्याच.

एका सकाळी सून दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"आई, मला आता खोल जायचंय. खाणीच्या तळ्यात. बावन्न मीटर."

"काय आहे तिथे?"

"एक क्रेन आहे. खाणीत पाणी भरलं तेव्हा तशीच राहून गेली. अजून रंग शाबूत आहे म्हणतात. पिवळा."

"पिवळा रंग बघायला बावन्न मीटर? हार्डवेअरच्या दुकानात बघ की, डबे मांडलेत."

सून हसली, पण डोळे हसत नव्हते. "रेग्युलेटर तुम्ही निवडा. मास्तर म्हणतात बाहेरून मागवू. मी म्हटलं, आमच्याकडे माणूस आहे."

मास्तर म्हणजे पोहण्याच्या तलावावरचे शिक्षक. सुनेनं पाण्यात पहिला पाय टाकला तो त्यांच्याच हाताखाली, आणि खाली तिचे जोडीदार तेच असणार होते.

मावशीनं चष्मा पुसला. आजवर तिनं शेकडो निवडून दिले होते, पण ते तीस-बत्तीस मीटरपर्यंत, सहलीच्या पाण्यासाठी. तिथे काही बिघडलं तर माणूस वर येऊ शकतो. बावन्नावरून तसं येता येत नाही. टप्प्याटप्प्यानं थांबत यावं लागतं, नाहीतर रक्तातच फेस होतो. म्हणजे जे काही बिघडेल ते तिथेच, अंधारात, निस्तरायचं.

तिनं टेबलावर तीन नग मांडले.

"हा बघ. पिसासारखा हलका. कोमट समुद्र, रंगीत मासे, विमानाचा प्रवास, त्याला उत्तम. पण तुझ्या तळ्यात तळाचं पाणी किती?"

"सहा अंश."

"मग बाजूला ठेव. हा दुसरा. दट्ट्याचा. आत भाग कमी, दणकट, हवा भरपूर. पण स्प्रिंग पाण्यातच बसते. हवा फुगताना थंड होते गं. फवाऱ्याचा डबा दाबून धरला की हाताला गार लागतो ना, तसं. सहा अंशाच्या पाण्यात तिथे बर्फ धरतो आणि झडप उघडी ती उघडीच राहते. मग बस हवा धो धो वाहताना बघत."

"मास्तरांचा हाच आहे."

"त्यांना सांगून झालं. आता हा तिसरा. दिसायला ठोंब्या, वजनाला दगड. पण पडद्याच्या पुढे आणखी एक पडदा आहे, आतल्या भागाला पाणी शिवतच नाही. आणि जोड आट्यांचा, सिलिंडरात फिरवून घट्ट बसणारा. वरून शिकंजा आवळायचा नाही, कुठे आपटला तरी निसटायचा नाही. हेच दोन घे. दोन्ही एका जातीचे. एक गेला तर दुसरा."

"एक हलका, एक भारी चालेल?"

"अंधारात दोन स्वभावांच्या माणसांशी संसार करायचाय का? एका घरात एकच सासू पुरे."

मग मावशी आठवडाभर त्या दोन नगांवर बसली. प्रत्येक रिंग भिंगाखाली पाहिली. शेवटी आलं ते टबाचं काम. दुसरा टप्पा तोंड वर करून हळूहळू पाण्यात सोडायचा आणि पट्टीवर बघायचं, किती सेंटिमीटर बुडाल्यावर हवा फुसफुसायला लागते. दोनवर लागली तर श्वास लोण्यासारखा येतो. पाचवर लागली तर ओढावा लागतो.

तीस वर्षं तिची रीत एकच होती. सहलीच्या पाणबुड्यांकडे दोन मुखं असतात, एक स्वतःचं आणि एक पिवळ्या नळीचं, अडलेल्या जोडीदाराला द्यायचं. ते दुसरं नुसतं लटकत असतं, म्हणून ते थोडं कडक ठेवायचं, नाहीतर धक्का लागला की फुकट वाहत राहतं. तसंच तिनं आताही केलं. सुनेनं एकाला लांब नळी लावायला सांगितली होती; तिच्या तोंडात जाणारं ते लांब नळीचं मुख दोन सेंटिमीटरवर बसवलं. गळ्यात रबरी फासात अडकवायचं दुसरं मुख पाचवर. आणि खरं सांगायचं तर त्यात रीतीपेक्षा माया जास्त होती. आपल्या पोरीला श्वास हलका यावा. बाकीच्यांनी थोडा ओढावा, त्यात काय.

मग नियमाप्रमाणे ती दुकानातल्या खुर्चीवर बसली आणि प्रत्येकातून दहा-दहा मिनिटं श्वास घेतला. दुरुस्त केलेला कुठलाही नग स्वतः ओढून पाहिल्याशिवाय ती हातावेगळा करत नसे. लांब नळीतून श्वास असा आला की जणू कोणी ओठांवर आणून ठेवला. ती समाधानानं उठली.

तालमीच्या दिवशी ती पहिल्यांदाच पोहण्याच्या तलावावर गेली. कठड्यापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसली.

मास्तर आपला जुना रेग्युलेटर सिलिंडरावर चढवत होते. मावशीनं तो बघून तोंड वाकडं केलं.

"मास्तर, अजून वेळ आहे. माझ्याकडे आणखी एक जोडी पडलीय."

"बाई, पंधरा वर्षं हा माझ्या तोंडात आहे. बायकोपेक्षा जास्त."

"उघडून तरी बघू द्या."

"तुम्ही आधी पाण्यात उतरा, मग मी उघडायला देतो," मास्तर म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

उथळ पाण्यात दोघं उभे राहिले आणि सून मास्तरांना म्हणाली, "चला, समजा तुमची हवा संपली." मास्तरांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला. आणि सुनेनं क्षणभरही न थांबता आपल्या तोंडातलं मुख काढलं, त्यांच्या पुढे धरलं, आणि मान खाली घालून गळ्यातलं दुसरं आपल्या तोंडात घेतलं. लांब नळी दोघांमध्ये सळसळत उलगडली.

मावशी उभी राहिली.

"अगं, हे काय केलंस? तुझं त्यांना दिलंस?"

सुनेनं मुख काढलं. "हो आई. खोल पाण्यात असंच करतात. ज्याची हवा गेलीय त्याला शोधत बसायला वेळ नसतो. माझ्या तोंडातलं चालू आहे हे मला पक्कं माहीत असतं. म्हणून तेच द्यायचं. नळी त्यासाठीच लांब."

"तोंडातला घास काढून?"

"घास काय, श्वास. आणि मग आपण गळ्यातला घ्यायचा."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी तिनं दोन मुखं बसवली होती. आणि या पोरीच्या विद्येत नेमकं उलट होतं. लोण्यासारखा श्वास दुसऱ्याचा, आणि कडक तो आपला. बावन्न मीटरवर हवा सहापट दाट असते. अशा वेळी घाबरलेल्या माणसाला शेजारी धरून पाच सेंटिमीटरचा श्वास ओढायचा म्हणजे धाप. तिथे धाप लागली की डोकं चालत नाही. तिनं स्वतःच्या हातानं, मायेनं, हे करून ठेवलं होतं.

"बाहेर या. दोन्ही काढून दे."

"का? छान चाललंय की."

"माझी चूक झाली. दे म्हणते ना!"

त्या दुपारी तिनं दुकानाची फळी लावून घेतली. लांब नळीचं मुख टबात सोडलं, स्क्रू पाव फेरा, पुन्हा सोडलं. तीन. मग गळ्यातलं. साडेतीन. पाव फेऱ्याचा पाव. तीन. पुन्हा पहिलं. आगगाडीच्या इंजिनाशी पाणी आलं की दोन्ही फुसफुसायला हवीत. मग ती डोळे मिटून बसली, हातात दोन्ही घेऊन, आणि न बघता आळीपाळीनं ओढत राहिली. कोणतं कोणतं ते ओळखता येईनासं झालं तेव्हाच उठली.

खाणीचं तळं म्हणजे चारी बाजूंनी कापलेला दगड आणि मध्ये काळं, न हलणारं पाणी. दोघं उतरले. मावशी काठावरच्या दगडावर बसली. शेजारी खाणीचा राखणदार येऊन उभा राहिला.

"काय बघताय बाई? फेस तर आहे नुसता."

"दोघांचे श्वास आहेत ते," मावशी म्हणाली.

पाण्यावर दोन ठिकाणी बुडबुड्यांची झुंबड फुटत होती, थांबत होती, फुटत होती. डावीकडचा ठेका सुनेचा, संथ. मावशी तो ठेका ऐकतच तिच्याबरोबर श्वास घेऊ लागली. तिनं टेबलावर बसवलेल्या झडपेतून निघालेली हवा एका माणसाच्या छातीत जाऊन, बावन्न मीटर चढून तिच्या पायाशी फुटत होती. तिला एकदम वाटलं की आपण तीस वर्षं ज्याच्यासाठी काम केलं ते आज पहिल्यांदा दिसतंय.

आणि मग उजवीकडचं पाणी उकळलं. बुडबुडे थांबेनात. मोठ्या भांड्यात आधण यावं तसा पांढरा फेस हातभर उसळला.

"अरे वा," राखणदार म्हणाला.

मास्तरांची झडप गोठली होती, उघडी राहिली होती. आणि तिला दुसरी गोष्टही माहीत होती. बावन्न मीटरवरून बुडबुडा वर यायला दोन मिनिटं तरी लागतात. म्हणजे हे आत्ताचं नव्हतंच. खाली जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं. सुनेनं मुख दिलं होतं किंवा नाही, गळ्यातलं घेतलं होतं किंवा नाही, ते ठरून गेलं होतं, आणि त्याची बातमी अजून पाण्यातून वर चढत होती.

उकळी एकाएकी थांबली. कोणीतरी सिलिंडरची चावी बंद केली असावी. पाणी सपाट झालं. मावशीनं श्वास धरला.

मग फुटले. एक झुंबड, भरभर, घाबरी. आणि तिला जवळजवळ चिकटून दुसरी. संथ. तोच ठेका. जरासुद्धा न बदललेला.

"ओढते आहे," मावशी पुटपुटली. "गळ्यातलं ओढते आहे."

पुढची पस्तीस मिनिटं त्या दोन झुंबडी एकमेकींना न सोडता काठाकडे सरकत राहिल्या, थांबत राहिल्या. मावशीही हलली नाही. राखणदारानं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

दोघं वर आले तेव्हा मास्तरांचे ओठ निळे होते. त्यांनी आपला जुना रेग्युलेटर सोडवला आणि मावशीच्या मांडीवर ठेवला. त्यातून थंड पाणी तिच्या साडीवर ओघळलं.

"माझे दोन्ही रेग्युलेटर याच जातीचे," ते म्हणाले, "म्हणून दुसऱ्यावरही भरवसा ठेवला नाही. वरपर्यंत हिच्याच हवेवर आलो. उघडा बाई. पाण्यात न उतरता उघडा."

मावशीनं सुनेकडे पाहिलं. सून दात वाजवत हसत होती, या खेपेला डोळ्यांनीही.

"गळ्यातलं घेतलंस तेव्हा?" मावशीनं विचारलं. "जड गेलं का गं?"

"कधी बदललं तेच कळलं नाही, आई. मधेच मला वाटलं, मी दिलंच नाही की काय. म्हणून हात लावून बघितलं." तिनं ओला हात मावशीच्या गुडघ्यावर ठेवला. "आणि क्रेन पिवळीच आहे. अगदी. टॉर्च टाकला तर वाटलं, कालच कोणी रंगवून गेलंय."

"बस. नीट सांग," मावशी म्हणाली. तिनं दगडावरून खाली सरकून सुनेला जागा केली, तेव्हा तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले. ते तिच्या लक्षातही आलं नाही.