तीन घोट, मग दम

नारीन शहरातल्या प्रसूतिगृहात शारिपा नर्सला सगळे टरकून असत, डॉक्टरसुद्धा. सव्वीस वर्षं तिने अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळली होती आणि तेवढीच वर्षं त्यांच्या आज्यांशी भांडली होती. बाळं परवडली, असं ती म्हणे.

या खेपेची आजी होती तुर्सून आपा. नातू नऊ आठवडे आधी जन्मला. जुन्या रीतीप्रमाणे अशा बाळाला फरच्या टोपीत घालून तंबूघराच्या लाकडी जाळीच्या भिंतीला टांगतात आणि रोज जाळीच्या पुढच्या टोकावर सरकवतात. कमी पडलेले दिवस भरले की बाळ खरं जन्मलं. दवाखाना बाळ टांगू देईना, म्हणून आपा घरी रिकामीच टोपी सरकवत होती.

एवढ्यावर शारिपा हसून गप्प बसली असती. पण एकविसावा दिवस उजाडला तरी सून आयझिरेक आपाच्या सांगण्यावरून बाळाला छातीशी नुसती धरून बसे, पाजायचं नाव नाही. हाताने काढलेलं दूध नळीतून बाळाच्या पोटात जाई, आणि ते दूधही आटत चाललं होतं. असंच चाललं तर पाजायला काही उरणार नव्हतं.

"अजून बेचाळीस टोकं आहेत," आपा ठसक्यात म्हणाली. "पोटातल्या पोराला कोण पाजतं गं?"

"पोटातलं पोर अंगठा चोखतं, आपा! शिकवणी तिथेच सुरू होते. तुमची टोपी सरकू दे, आमचा धडा आम्ही घेतो."

शारिपाने आयझिरेकच्या स्तनावर दुधाचा थेंब आणला. बाळाने आधी तो चाटला, मग तोंड लावलं. तीन घोट घेतले आणि गप्प.

"नको म्हणतोय, एजे," शारिपाला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत आयझिरेक रडकुंडीला आली आणि बाळाला बाजूला करू लागली.

शारिपाने तिचं मनगट धरलं. "हलवू नकोस, बाई. चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, हे तिन्ही जमवणं त्याला आत्ता कुठे यायला लागलंय. दम खातोय तो. रंग बघ, छान आहे. थांब जरा."

तिघी थांबल्या. मग बाळाचा जबडा पुन्हा हलला. चार घोट! आयझिरेक हसता हसता रडू लागली. शारिपालाही भरून आलं.

आपा मात्र खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"माझा पहिलाही असाच थांबायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोट भरलं. बारा दिवस जगला."