फुटलेल्या आवाजाची चौकशी

तेरा-चौदा वर्षांचा पोरगा समोर आला, की किसनमामा त्याच्या गळ्यावर दोन बोटं टेकवायचा आणि म्हणायचा, "बोल बे काही." पोरगा काय बोलतोय याच्याशी त्याला घेणं नसायचं. डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा आणि एकदम खूश होऊन विचारायचा, "अंदर कोन आलं रे तुह्या?" पोरं लाजून पळायची. सगळ्या वस्तीचाच मामा असलेला हा माणूस बीबी गावात गवंडीकाम करायचा आणि आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचा. दिवसातून किती वेळा "काऊन?" म्हणून कारण विचारायचा, कोण जाणे! लोक वैतागायचे, पण सांगायचे.

त्या पार्टीत मी गायचो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, वस्ती बौद्ध झाल्यालाही फार वर्षं लोटली नव्हती, आणि जयंतीच्या कार्यक्रमात पहिलं गाणं माझं असायचं. आवाज कोवळा आणि उंच. माय पुढं बसून ऐकायची आणि घरी आल्यावर माझी दृष्ट काढल्यासारखी कडाकडा बोटं मोडायची. मग एकदा अमडापूरला लग्नात गायला उभा राहिलो, वरची ओळ घेतली, आणि आवाज मध्येच असा फाटला की बाया तोंडाला पदर लावून हसल्या. खाली घेतला तर भलत्याच कुणा माणसाचा निघाला. मी मांडवातून पळालोच.

मायचा संशय पार्टीतल्या यशवंतावर गेला. तो दुसरा गायक. गाण्याआधी त्यानं मला विडा दिला होता. "त्या विड्यातच शेंदूर चारला मेल्यानं! माह्या लेकराचा गळा खाल्ला!" शेंदूर खाऊ घातला की गाणाऱ्याचा आवाज कायमचा जातो, अशी आमच्याकडे पक्की समजूत. यशवंता शपथा घेऊन थकला. शेवटी म्हणाला, "मी पार्टीच सोडतो, बाई. गावातही राहत नाही." मामा भडकला. "शेंदराचे देव घरातून काढले, अन् शेंदराचं भेव ठेवलं होय?" माय म्हणाली, "तुहं काय जाते, भाऊ? आवाज माह्या पोराचा गेला."

मी तर बोलणंच टाकलं होतं. नुसत्या माना हलवायचो. मायनं जेव म्हटलं तरी संताप यायचा, ताट सरकवून उठायचो आणि गोठ्यामागं जाऊन रडायचो. शेंदूर असो नसो, आपण संपलो, असं वाटायचं. एकदा मामा तिथं येऊन उकिडवा बसला. समजूत वगैरे काही घातली नाही.

"मले एक सांग, तुले राग पहिले येते, का आवाज पहिले फाटते?"

"मले काय मालूम!" मी किंचाळलो.

"दोन्ही संगंच," मामा स्वतःशीच म्हणाला. "अन् रडू कवा येते?"

असा राग आला मला त्याचा! पण उठून गेल्यावर मी खरंच उत्तर शोधायला लागलो.

पुढच्या रविवारी त्यानं विहारासमोर वस्तीतले सगळे बाप्ये बसवले. यशवंता आला होता. माय बायांमध्ये तोंड फिरवून बसली. मामा म्हणाला, "तुमचा आवाज कवा फुटला, अन् तवा मनात काय होतं, ते खरं खरं सांगा. लाजाचं काम नाही." आधी नुसतीच खीखी झाली. मग सगळ्यांत म्हातारे सखारामआबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मी बापासंगं बोलणं सोडलं होतं. काऊन, ते आजवर समजलं नाही मले." एकजण घर सोडून थेट सोनाळ्याला मावशीकडं गेला होता. एकाला वाटलं होतं, टीबी झाला. आडदांड यशवंता खाली बघत बोलला, "मी चोरून कच्ची अंडी प्यायचो. आवाज वापस यावा म्हून. कोणाले सांगितलं नाही." मी बघतच राहिलो. एवढे मिशीवाले, आणि एकानंही दुसऱ्याला कधी काही सांगितलं नव्हतं!

"यातल्या कोणाले शेंदूर चारला होता?" मामानं विचारलं.

माय उठली. मला वाटलं, घरी निघाली. ती यशवंतापुढं जाऊन म्हणाली, "चुकलं माहं. गाव सोडू नको, भाऊ." आणि तिथंच रडायला लागली.

वर्षभरात माझा नवा आवाज स्थिरावला. मामानं पेटी काढून मला गायला लावलं. अर्ध्या गाण्यातच त्यानं भात्यावरचा हात काढला.

"हा आवाज गाण्याचा नाही रे," तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले. "यशवंताचा वापस आला. मंग माहा काऊन नाही?"

"ते मले नाही मालूम. माहाही नाही आला."

मामा कधीकाळी गात होता, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या रविवारी सगळ्या वस्तीला बोलतं करणारा हा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"लई वाईट वाटलं असन तुले," मी म्हणालो.

"आवाजाचं काही नाही रे," मामा म्हणाला. "माह्या मायनं माह्या दोस्तावर आळ घेतला होता. तो गाव सोडून गेला. अन् मी आवाज फाटते म्हून तोंड उघडलं नाही."