पोपट आले, कावळा येईना

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या रेस्टॉरंटच्या ड्रॉवरमध्ये केचपच्या पुड्या जमतात, तसे ते जमतात. कुणी टाकल्या ते आठवत नाही, पण एक दिवस ड्रॉवर बंद होत नाही. माझा दादा, सुहास, गेला आणि माझं तसं झालंय. जर्मनीतल्या या कोलोनमधली मराठी मंडळी सांत्वनाला येतात, नाक पुसतात आणि म्हणतात, "अरे संत्या, तुला तो किस्सा माहितीये का?" मी हसतो. मग बाल्कनीत जातो, परत येतो, चहा टाकतो, प्यायचा विसरतो. एका जागी बसवत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच सांगतो.

*

दादा इथे इंजिनिअर होता. माझी दहावी सुटेना, म्हणून त्याने मला इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये चिकटवलं. स्टेशनवर मला घ्यायला तो आणि मार्कुस आले. मार्कुस उंच, काळा, ट्राम चालवतो. बाप अमेरिकन फौजेतला, आई इथलीच.

दादा म्हणाला, "आम्ही एकत्र राहतो."

"भाडं अर्धं अर्धं?"

"गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर!

घरात पलंग एकच. कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत होतो, "दादा इंजिनिअर झाला, पण चिकटपणा गेला नाही. पलंगातसुद्धा पार्टनरशिप!" लोक खाली बघून हसायचे. मला वाटायचं, माझा जोक जमलाय!

*

एकदा आम्ही तिघं ट्रेनने हायडेलबर्गला निघालो होतो. डबा भरलेला. पोलीस आले आणि नेमके आमच्यापाशी थांबले. बाकी सगळे पेपर वाचत बसले.

"कुठून आलात?" पोलिसाने मार्कुसला विचारलं.

"नीपेसमधून." म्हणजे कोलोनमधलाच एक भाग.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आईच्या पोटात. तीही नीपेसमध्येच होती."

पोलिसाचा चेहरा लाल. आता लांबणार असं दिसलं, तेवढ्यात दादाने सरळ मार्कुसचा हात हातात घेतला. पोलिसाने घाईघाईने आमची ओळखपत्रं परत केली आणि पुढच्या डब्यात पळाला!

दादा मला म्हणाला, "बघ, एका रोगावर दुसऱ्या रोगाचं औषध."

*

दर शनिवारी दादाकडे जेवायला माणसं असायची. त्यात जोशी काका ठरलेले. सॉफ्टवेअर कंपनीत मोठे साहेब. त्यांना घर मिळेना. फोनवर घर रिकामं असायचं, काका दारात उभे राहिले की ते कालच दिलेलं असायचं. त्या शनिवारी ते पेटले होते. अमेरिकेतल्या काळ्यांपासून सुरुवात करून आपल्यापर्यंत आले आणि टेबलावर हात आपटला, "माणूस आपला रंग निवडून येतो का?"

दादा म्हणाला, "काका, मी तरी कुठे निवडलंय?"

"ते वेगळं रे. रंग दिसतो. तुझं दिसत नाही. गप्प बसलं की झालं."

दादाने ते मार्कुसला जर्मनमध्ये सांगितलं. मार्कुसने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "शाळेत पोरं मला काहीबाही बोलायची, तेव्हा मी घरी जाऊन आईच्या मांडीत रडायचो. सुहासला ते आईलाच सांगता आलं नाही. कुणाचं जास्त वाईट ते मोजू नका. पण मला घर होतं."

काकांनी रिकामी वाटी पुढे केली. म्हणाले, "आमटी वाढ रे."

खरंच, आईला सांगायचं, तेवढं एकच काम दादाचं राहिलं होतं. मिरजेला आईला फोन लागला की मार्कुस शिकवलेली दोन वाक्यं म्हणायचा, "नमस्कार आई! जेवलात का?" आई खूश. "तुझा रूमवाला फार गुणी आहे हो!" फोन ठेवला की दादा म्हणायचा, "या दिवाळीला सांगतो." दरवर्षी दिवाळी यायची.

*

एकदा ते दोघं त्यांच्यासारख्या मुलांच्या डिस्कोला गेले. दारावरचा माणूस म्हणाला, "आज फक्त नेहमीची गिऱ्हाइकं." मागचे गोरे मात्र पहिल्यांदाच आलेले, आणि आत! मार्कुस म्हणाला, "यांच्या झेंड्यात सगळे रंग आहेत, तपकिरी तेवढा राहिलाय."

त्याच आठवड्यात मार्कुसच्या आफ्रिकन मंडळाचं बार्बेक्यू होतं. तिथे दादाची ओळख करून द्यायची वेळ आली आणि मार्कुस म्हणाला, "हा माझा कोलेगं." सहकारी!

घरी आल्यावर दारात बूट काढताना दादा म्हणाला, "मी ट्राम कधी चालवायला लागलो?"

*

मग अशा जोड्यांच्या नोंदणीचा कायदा आला. लग्न म्हणायचं नाही, नोंदणी म्हणायची. दादा म्हणाला, "बसमध्ये घेतलंय, पण मागच्या सीटवर."

मार्कुस भडकला. "ती मागची सीट माझ्या बापाची आहे. अमेरिकेत काळ्यांना बसमध्ये मागेच बसवायचे, तो खरोखर तिथे बसलाय. विचारल्याशिवाय वापरायची नाही!"

दादा म्हणाला, "बरं, विचारतो. वापरू?"

"आजच्या दिवस. नंतर परत ठेव."

नोंदणीच्या दिवशी ऑफिसात ऐन वेळी जोशी काका हजर! सूट, टाय, खिशात अक्षता. मी म्हटलं, "काका, तुम्ही?"

"मी मार्कुसच्या रंगाच्या बाजूने आलोय. त्या दुसऱ्या भानगडीच्या बाजूने नाही!" आणि सगळ्यात जास्त अक्षता त्यांनीच टाकल्या. ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्याच हातात झाडू दिला.

*

हॉस्पिटलचा किस्सा मी सांगणार नव्हतो. दादाच्या डोक्यात रक्तस्राव झाला. आम्ही धावत आयसीयूत गेलो. नर्सने माझं तोंड बघितलं, म्हणाली, "भाऊ ना? आत जा." मार्कुस ट्रामच्या युनिफॉर्ममध्ये होता. त्याला म्हणाली, "पेशंट हलवायला आलात? तीन नंबरचा बेड."

"मी त्याचा नवरा आहे."

मला काय झालं कळलं नाही. मी मराठीतून ओरडायला लागलो, तोंडाला येईल ते. नर्स घाबरली. मार्कुस तिला शांतपणे म्हणाला, "ओरडू दे त्याला. तो माझ्या वाटचं ओरडतोय."

*

आईला व्हिसा मिळाला नाही. दहाव्याला आम्ही सकाळी ऱ्हाइनच्या काठी गेलो. जोशी काकांनी पुण्याच्या गुरुजींना सगळं विचारून घेतलं होतं. मी पिंड ठेवला. मार्कुस लांब, झाडाखाली उभा. मिरजेला आई फोनवर, स्पीकर चालू.

आधी पोपट आले. कोलोनमध्ये हिरवे पोपट फार. काकांनी हाकलले. मग कबुतरं. मार्कुसने लांबूनच विचारलं, "हे का नाही चालत?"

काका म्हणाले, "कावळा लागतो. काळाच लागतो."

"काळाच लागतो?" मार्कुस म्हणाला. "या देशात असं पहिल्यांदाच ऐकतोय!"

कावळा दिव्याच्या खांबावर बसलेला. खाली येईना. काका हात जोडून म्हणाले, "सुहास, संत्याला आम्ही अंतर देणार नाही." कावळा बसलेला. मी म्हटलं, "दादा, मी जर्मनचा क्लास लावतो." कावळ्याने पाठ फिरवली.

फोनमधून आई म्हणाली, "काय राहिलंय रे त्याचं?"

काकांनी डोळ्यांनी मला दटावलं. पण तोंडातून निघून गेलं. "आई, इथे दादाचा नवरा उभा आहे."

फोन नुसता खरखरला.

"कोण?"

"मार्कुस. जेवलात का विचारतो, तो."

मला वाटलं, लाइन तुटली.

"तो तिथे उभा असताना पिंड तू कसा ठेवलास? अक्कल आहे का तुला?"

मार्कुसला मी हाताला धरून आणलं. त्याने बूट काढले, पिंड उचलला, परत ठेवला, मागे सरकला. कावळा शिवला.

"शिवला का रे?" आईने विचारलं.

मी फोनसमोर नुसती मान हलवली. काका म्हणाले, "शिवला, वहिनी."

"मग त्याला फोन द्या."

मार्कुस फोन घेऊन पाण्याकडे चालत गेला. आईला जर्मन येत नाही. मार्कुसला मराठीत दोनच वाक्यं येतात. फोनचं कार्ड संपेपर्यंत दोघं बोलत होते.