उन्हाला दाखवलेले हात

देवाचा अनुभव लिहायचा तर माणूस आधी आपल्या भक्तीबद्दल लिहितो. मला मात्र आधी माझ्या ब्लाऊजच्या बाह्यांबद्दल लिहावं लागेल, आणि त्याची मला आजही लाज वाटते. हे कागदावर उतरवावं की नाही, यातच बरीच वर्षं गेली. आता वय झालं. लपवण्यात कष्ट फार पडतात आणि हाती काही लागत नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला होता. बिल्डिंगच्या मागे मिठागरं, समोर चिखल, आणि पाणी टँकरचं, तेही खारट. वर्षभरात माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. त्यावर पांढरट, चमकणारे पापुद्रे. मी खुशाल पाण्याला दोष दिला आणि खोबरेल चोपडत राहिले. पुढे तो दुसऱ्या कोपरावर आला, मग गुडघ्यांवर, केसांत आणि शेवटी हातांच्या पाठीवर. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी ‘सोरायसिस’ म्हणून सांगितलं आणि मलम लिहून दिलं. “हे दीर्घकाळ चालतं बरं का,” असंही म्हणाले. लोक याला काय समजतील, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मलम संपलं आणि मी पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही.

भर मे महिन्यात मी मनगटापर्यंत बाह्यांचे चार ब्लाऊज शिवून घेतले. शिंप्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, आता हीच फॅशन आहे. पहाटे हे उठायच्या आत चादर झटकायची, कारण रात्रभरात तिच्यावर कोंड्याचा थर साचलेला असे. ह्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त एक दिवस आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली, तिथला पंखा बरा लागतो म्हणाले. दोन्ही पंखे एकाच दुकानातून आणलेले होते. मी मोरीत जाऊन रडले.

मग चोरून उपाय सुरू झाले. कडुनिंबाचा पाला झाला, साबुदाण्यासारख्या गोळ्या झाल्या. काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका लॉजमध्ये पंधरा दिवसांनी एक माणूस येऊन बसायचा. ट्रकवाल्यांच्या गर्दीत तोंडावर पदर घेऊन मी त्याच्याकडे गेले. त्याच्या काळसर पुड्यांनी महिन्याभरात अंग असं लख्ख झालं की मी पेढे वाटले, कशाचे ते न सांगता. पुड्या थांबवल्या आणि तीन आठवड्यांत चट्टे दुपटीने उसळले.

मग देवच उरला. कातडीच्या दुखण्याला सूर्याची उपासना करावी, असं आमच्या घरात चालत आलेलं. मी रविवारचं अळणी धरलं. रोज सकाळी गॅलरीत उभी राहून अर्घ्य द्यायची. ‘माझ्या हातून असं काय घडलं की हे माझ्या वाट्याला आलं?’ असं विचारायची, आणि मनात मात्र पक्कं असायचं की मी कुणाचं काहीही वाईट केलेलं नाही. दोन वर्षं मी सूर्याला अर्घ्य दिलं, तेही बाह्या मनगटापर्यंत ओढून.

आमच्या सोसायटीची दरवर्षी गच्चीवर सत्यनारायणाची पूजा असायची आणि प्रसादाचा शिरा माझ्याकडे असायचा. सव्वा किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, वर केळी. बिल्डिंगमध्ये मराठी, गुजराती, यूपीवाले, सगळे होते. चार वर्षं त्या शिऱ्याचं कौतुक ऐकून मी बरीच फुशारले होते. त्या वर्षीही मी सोवळ्यात शिरा केला. फक्त पातेलं मोठं, गॅस मोठा, बाह्या भिजायला लागल्या, म्हणून त्या कोपरापर्यंत सारल्या. सेक्रेटरींची बायको केळी द्यायला आली आणि दारातच थबकली. तिची नजर माझ्या हातांवरून पातेल्यात गेली. केळी ओट्याच्या कडेला ठेवून ती लगबगीने निघून गेली.

पूजा झाली, कथा झाली. प्रसाद टाकणाऱ्यावर काय संकट येतं, हे सगळ्यांनी हात जोडून ऐकलं. मी द्रोण भरायला घेतले तेव्हा सेक्रेटरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, “भाभी, आप थक गई होंगी. बांटने का हम देख लेंगे.” मीही बावळट, मला बरंच वाटलं.

संध्याकाळी सतरंजी आणि माझं पातेलं आणायला मी एकटीच वर गेले. पाण्याच्या टाकीमागे मुंग्यांची रांग दिसली म्हणून डोकावले. तिथे द्रोण होते. एकात एक घालून ठेवलेले, काही तसेच भरलेले, वर तुळशीचं पान जागच्या जागी. प्रसाद टाकायची भीती होतीच त्यांना, म्हणून कुणी खाली कचऱ्यात टाकला नव्हता. देवाचा मान राखला होता, माझ्या हातचं तेवढं खाल्लं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. मला कुणाचा रागही आला नाही. वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही खाल्लं नसतं. इतकी मी स्वतःलाच नकोशी झाले होते.

तेवढ्यात दोरीवरचे कपडे काढायला वाघमारेताई वर आल्या. त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. परभणीकडच्या, बौद्ध, मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात नर्स. आमच्याकडे फोन होता आणि त्यांच्या भावाचा फोन आमच्याकडे यायचा, तेवढीच ओळख. पूजेला त्या यायच्या नाहीत. पांढऱ्या साडीतच होत्या, ड्युटीवरून थेट आलेल्या. त्यांनी द्रोण पाहिले, मला पाहिलं आणि समोर उकिडव्या बसल्या. काही न विचारता माझी बाही वर सारली आणि कोपर तळहातावर घेतलं. वर्षभरात मला कुणी हात लावला नव्हता. मी हात ओढून घ्यायला गेले तर त्यांनी सोडला नाही.

“किती दिवस झाले याला?”

“तीन वर्षं.”

“आणि मला आज दिसतंय. आमच्या स्किनच्या वॉर्डात असे रोज येतात वहिनी. लागत नाही हे कुणाला. इतके दिवस काय करत होता?”

मी म्हटलं, “उपास.”

त्या हसल्या नाहीत. पातेल्याकडे बघून म्हणाल्या, “उरलाय का? सकाळी सातला डबा खाल्लाय मी.” त्यांनी पातेल्यातला शिरा हातावर घेतला आणि म्हणाल्या, “प्रसाद म्हणून नाही हं. ते आम्ही घेत नाही, तुम्हाला माहितीय. शिरा म्हणून खाते. तुमच्या हातचा.” खाऊन झाल्यावर बोटंसुद्धा चाटली. मी तोंडात पदर कोंबून रडत होते. त्या सावकाश दोरीवरचे कपडे काढत होत्या, माझं रडणं होईपर्यंत.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी मला आपल्याबरोबर इस्पितळात नेलं. केसपेपर काढला, रांगेत उभं केलं. तिथे माझ्यासारखे किती तरी जण बाकावर बसले होते, अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून, गप्पा मारत. डॉक्टर बाई लहान वयाच्या होत्या. पुड्यांचं ऐकल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. त्यात बहुतेक स्टिरॉइड असणार, असं एकदम बंद केलं की हे उसळतं, म्हणाल्या. “मुळापासून जाईल असं खोटं सांगत नाही. पण ताब्यात राहील. आणि संसर्ग नाही, कुणाला होत नाही.” हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. रक्त तपासलं. रात्री लावायला डांबराच्या वासाचं मलम मिळालं. आणि एक गोळी, आठवड्यातून तीन दिवस घ्यायची. घेतल्यावर दोन तासांनी काळा चष्मा लावून चट्टे उन्हाला दाखवायचे, सांगितली तेवढीच मिनिटं, घड्याळ लावून.

उन्हाला दाखवायचे, असं त्या म्हणाल्या आणि मी खुर्चीतच गार पडले. दोन वर्षं मी ज्याच्यासमोर रोज उभी राहत होते, त्याच्यापासूनच हात झाकून ठेवले होते.

गच्चीवर हातपाय उघडे टाकून उभं राहायचं, ही काय सोपी गोष्ट होती! पहिल्या दिवशी वाघमारेताईंनी दोन दोऱ्यांवर आपल्या पांढऱ्या साड्या पसरून आडोसा केला आणि मला आत ढकललं. मी बाह्या वर सारल्या. ऊन कातडीवर आलं आणि तोंडून आपोआप सूर्याचं नाव निघालं. मागणं काहीच नव्हतं. हे असं आहे, बघ बाबा, एवढंच. पाच मिनिटांनी बाहेरून आवाज आला, “बस, या आता.” माझ्या आयुष्यातलं खरं अर्घ्य मी त्या दिवशी दिलं असं मला वाटतं. चार महिन्यांत चट्टे फिके पडले. गेले नाहीत, आजही थंडीत डोकं वर काढतात. पण ह्यांची गादी आत आली. चादर कशी झटकायची ते आता तेच मला शिकवू लागले.

एकदा मी न राहवून म्हटलं, “ताई, त्या दिवशी देवानेच तुम्हाला पाठवलं.” त्या फटकन म्हणाल्या, “मला कुणी पाठवलं नाही. ड्युटी सुटली, कपडे काढायचे होते, वर आले.” त्यांचं म्हणणं खरं आहे. माझंही मला खोटं वाटत नाही. यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

पण सांगायचं ते अजून राहिलंच आहे. इस्पितळात जाऊन आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला. बोलणं झाल्यावर मी चहा टाकला. त्या सवयीने उठल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या आणि तिथे हात फिरवू लागल्या. “माझा कप कुठंय?” म्हणाल्या.

त्या खिडकीत चार वर्षं एक कान तुटलेला कप पालथा असायचा. वाघमारेताई आल्या की मी त्यातच चहा द्यायची. पिऊन झाल्यावर त्या तो स्वतः विसळून जागेवर ठेवायच्या. मी तसं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या तसं का करतात हे कधी विचारलंही नव्हतं. घरात दुसरे सहा कप होते. आणि मी रोज देवाला विचारत होते, की माझ्या हातून असं काय घडलं!

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. चट्ट्यांची लाज काहीच नव्हती या लाजेपुढे. मी आमचे नेहमीचे कप मांडले होते, त्यातला एक त्यांच्यापुढे केला. तुटक्या कानाचा कप मी आदल्या दिवशीच, टाकीमागचे द्रोण आठवून, फोडायला घेतला होता आणि फोडवला नव्हता, तो फडताळातून काढून त्यात माझा चहा ओतला. “तो आता माझा आहे,” एवढंच म्हणता आलं.

वाघमारेताईंनी माझ्या हातातल्या त्या कपाकडे पाहिलं. मग चहाचे दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. “साखर कमी पडली हो वहिनी.”

चार वर्षांत त्यांनी माझ्या चहाला कधी नाव ठेवलं नव्हतं. मी उठून साखरेचा डबाच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडलं आणि आपल्या हाताने हवी तेवढी घेतली. त्या संध्याकाळी दिवा लावला तेव्हा मी देवाकडे काही मागितलं नाही. बाह्या सारलेल्याच होत्या, तशीच हात जोडून उभी राहिले.