दाट पेरलेला वाफा

मुळ्याचं बी एवढं दाट कुणी पेरत नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका कुंपणावरून वाकून बघत होते, त्यांना राहवेना. वीस वर्षं परसात भाजी पिकवणाऱ्या बाईने असा वाफा करावा म्हणजे अक्कल गहाणच टाकली, असं त्यांनी तिला तोंडावर सुनावलं. मुळ्याला चार बोटं जागा लागते, हा वाफा आहे की चटई? एरवी नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. हातून जास्त पडलं, एवढंच म्हणाली आणि पाणी शिंपडायला लागली.

हातून काही पडलेलं नव्हतं. चांगल्या चार पुड्या तिने एका वाफ्यात रिकाम्या केल्या होत्या.

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. आयुष्यात तिने एकही धडा शिकवलेला नव्हता. ती शाळेत शिपाई होती, बावीस वर्षं घंटा दिली. पण घंटा अशी, की मुख्याध्यापक आपलं घड्याळ तिच्यावर लावायचे. अशा बाईच्या नवऱ्याला तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला. जीभ तर आठवड्यात सुटली आणि आधीपेक्षा तिखट झाली. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. नवऱ्याचं चौकात सलून होतं. ज्या बोटांनी तीस वर्षं कात्री चालवली, त्यांना आता शर्टाचं बटण धरवेना. दुकान धाकटा भाऊ बघत होता. रोज सकाळी बटणं ती लावायची आणि तेवढा वेळ ते भिंतीकडे बघत उभे राहायचे.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता. आपण काय पाळण्यातलं पोर आहोत का, म्हणत त्यांनी तो कपाटाखाली ढकलला. उचलायला मणी दिले, तर ताटलीच उलटी केली. चिमटीत धरायची कामं करत राहिले तर बोटं पुन्हा शिकतील, उशीर केला तर विसरून जातील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते ‘विसरून जातील’ मास्तरणीच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. खोटंखोटं काम हा माणूस मेला तरी करणार नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. म्हणून तिने खरं काम पेरलं.

चौथ्या दिवशी वाफा हिरवा झाला. आठवडा उलटला तशी रोपांची अशी चेंगराचेंगरी, की माती दिसेना. तिने स्टूल आणून वाफ्याशी ठेवलं आणि नवऱ्याला त्यावर बसवलं. जास्तीची रोपं काढून टाकायची. शेंड्याला धरलं तर रोप तुटतं, तेव्हा अगदी मुळाशी चिमटीत धरायचं आणि सरळ वर ओढायचं, नाहीतर शेजारचंही उपटून येतं. आणि हे सगळं उजव्या हाताने.

पहिल्या दिवशी तासाभरात सात रोपं निघाली, त्यातली पाच तुटकी. ते घामाघूम झाले, चिडले, तिच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार करून झाला. ती शेजारी बसून मिरचीच्या रोपांना काठ्या बांधत राहिली. आतून तिचा जीव तुटत होता, पण मदतीला तिने एकदाही हात पुढे केला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा निघाली.

पाचव्या दिवशी ती बाजारातून परत आली, तर अर्धा वाफा साफ. साहेबांनी झपाटा लावला हो, असं पोस्टमनकाकांनी कुंपणावरून कौतुक केलं. तिने नवऱ्याचे हात बघितले. डाव्या हाताची नखं मातीने भरलेली, उजव्याची लख्ख. तिने कुदळ घेतली, उरलेल्या रोपांसकट सगळा वाफा उलटापालटा केला आणि नव्या पुड्या फोडून आधीपेक्षा दाट पेरलं. पोस्टमनकाकांनी कपाळावर हात मारून घेतला.

“बायको आहेस की कोण आहेस?” नवरा म्हणाला.

“बायकोच आहे. हात परत येईपर्यंत पेरत राहीन.”

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मग तीही जेवली नाही.

नव्याने पेरलेला वाफा मात्र त्यांनी उजव्याने काढला. रागाने काढला, पण काढला. हळूहळू तुटक्या रोपांचा ढीग लहान झाला. मुळ्यांना चार बोटं जागा मिळाली आणि ते मातीत फुगायला लागले. शर्टाची खालची दोन बटणं त्यांची ते लावू लागले. आणि एका सकाळी तिला न सांगता ते सलूनमध्ये गेले. भावालाच खुर्चीत बसवलं आणि कात्री हातात घेतली.

काय झालं ते तिला दिराच्या फोनवरून कळलं. कात्री चार वेळा नीट चालली. पाचव्यांदा बोटं सुटली आणि कानाला जरासं लागलं. काही नाही झालं दादा, असं तो म्हणाला, पण दादाने कात्री खाली ठेवली आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

मास्तरीण मागच्या दारात उभी राहिली. आता हा माणूस हात खिशात घालेल आणि पुन्हा बाहेर काढणार नाही, अशी तिला भीती वाटली. नवरा फाटकातून आत आला तो घरात न शिरता सरळ परसात गेला आणि स्टुलावर बसला. मुळ्यांच्या पानांकडे बघत म्हणाला,

“मुळ्यापेक्षा बारीक रोप कशाचं असतं?”

“गाजराचं,” ती म्हणाली. “दोऱ्यासारखं. चिमटीत सापडतच नाही.”

“मग गाजर पेर.”

“ते दहा-बारा दिवस उगवत नाही.”

“लागू देत. पण दाट पेर. काकांनी काही म्हटलं तर माझं नाव सांग.”

बी आणते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून पोटभर रडली. इतके दिवस त्या हातासाठी ती एकटी भांडत होती, आजपासून ते दोघं होते. मग तिने तोंड धुतलं, फळीवरून गाजराच्या सगळ्या पुड्या काढल्या आणि बाहेर नेऊन नवऱ्याच्या उजव्या हातात दिल्या.